मागचं चाक काढून ड्रम ब्रेकची सर्व्हिस घरच्या घरी, आणि कॅम का काढायलाच पाहिजे

मोटरसायकलचा मागचा ब्रेक कमी लागायला लागला की बहुतेक जण काय करतात, तर रॉडच्या टोकाचा नट दोन-तीन पिळे आवळतात, पेडल परत वर येतं, ब्रेक लागल्यासारखा वाटतो आणि विषय संपतो. गॅरेजला दिली तरी पुष्कळदा चाक काढून लायनरवर पॉलिश पेपर मारतात, ड्रममधली धूळ हवेने उडवतात आणि बसवून देतात. यात खरं काम राहूनच जातं, ते म्हणजे ब्रेकचा कॅम, म्हणजे आत फिरून ब्रेक दाबणारा दांडा, बाहेर काढून साफ करणं आणि त्याला ग्रीस लावणं. पेडल जड लागतं, सोडल्यावर पटकन वर येत नाही, चाक हाताने फिरवलं तर घासत फिरतं, गाडी ढकलायला जड जाते, ॲव्हरेज कमी झालं वाटतं, या सगळ्याच्या मागे लायनरपेक्षा कॅमच जास्त वेळा असतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण हे काम अवघड अजिबात नाहीये, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो आणि गॅरेजमध्ये गर्दीच्या दिवशी तो कुणी देऊ शकत नाही.

मी इथे स्प्लेंडर धरून सांगतो, कारण ती गावोगाव आहे आणि तिचं मागचं चाक काढायला फार सोपं आहे. १३० मिमीचा ड्रम, उजव्या बाजूला ब्रेक, डाव्या बाजूला चेन. पॅशन, एचएफ डीलक्स, जुनी सीडी १०० यांची बांधणी जवळपास तशीच. दुसऱ्या कंपनीची गाडी असेल तरी ब्रेकचा भाग सारखाच असतो, फक्त चाक सुटायची पद्धत आणि पान्यांचे नंबर बदलतात.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या भागात, लोखंडी ड्रम असतो, तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत एक प्लेट असते जी फिरत नाही, तिच्यावर अर्धगोल आकाराचे दोन शू बसवलेले असतात, ज्यांना आपण सगळे लायनर म्हणतो, खरं तर लायनर म्हणजे शूवर चिकटवलेला घासणारा थर. शूची एक टोकं एका पक्क्या पिनवर टेकलेली आणि दुसऱ्या टोकांच्या मधे कॅम. तुम्ही पेडल दाबलं की रॉड ओढला जातो, बाहेरचा लिव्हर फिरतो, त्याच्याबरोबर आतला कॅम फिरतो आणि तो दोन्ही शूना फाकवून ड्रमवर दाबतो. पेडल सोडलं की दोन स्प्रिंगा शूना परत आत ओढतात. म्हणजे बघा, शू परत यायचे असतील तर कॅम आपल्या भोकात मोकळा फिरला पाहिजे. कॅमचा दांडा प्लेटच्या भोकातून आरपार जातो, तिथे पावसाचं पाणी आणि माती शिरते, जुनं ग्रीस वाळून घट्ट होतं, गंज येतो आणि कॅम अडकत फिरायला लागतो. मग दाबताना पायाची अर्धी ताकद तिथेच जाते, आणि सोडल्यावर शू पूर्ण परत येत नाहीत, ते ड्रमला घासतच राहतात. तुम्ही वरून रॉडचा नट आवळला की घासणं अजून वाढतं, ड्रम तापतो, लायनर वरून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि मग तर ब्रेक अजूनच लागत नाही.

अजून एक गोष्ट. दोन्ही शू सारखं काम करत नाहीत. चाक पुढे फिरताना ड्रम एका शूला कॅमकडून पिनकडे ओढतो, तो शू आपोआप ड्रममध्ये अजून रुततो आणि जास्त ब्रेक लावतो. दुसऱ्याला ड्रम उलटा ढकलतो. त्यामुळे एक लायनर दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेला दिसला तर घाबरू नका, तो तसाच झिजतो. पण बदलताना जोडीच बदलायची, एक नवा एक जुना असं करू नका.

हे काम कधी करायचं? माझ्या मते वर्षातून दोनदा तरी, एकदा पावसाळ्याच्या आधी आणि एकदा पाऊस संपल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमाराला. कोकणात राहत असाल, किंवा शेतातल्या चिखलातून, उसाच्या सीझनमधल्या ट्रॅक्टरच्या रस्त्यांवरून रोज जाणं असेल, तर पावसानंतरची सर्व्हिस चुकवूच नका. मराठवाडा-विदर्भातली काळी माती तर वाळली की आत सिमेंटसारखी बसते.

सामान काय लागतं ते सांगतो. रिंग पाने आणि नळीचे पाने, मागच्या एक्सलसाठी (चाकाच्या आसासाठी) मोठा पाना आणि त्याला चांगला लांब दांडा, टॉर्क पट्टीच्या आणि रॉडच्या नटासाठी मधले पाने, लिव्हरच्या बोल्टसाठी बहुतेक १० नंबर. नंबर डोळे झाकून धरू नका, आधीच्या मालकाने नट बदललेले असू शकतात, काम सुरू करायच्या आधी प्रत्येक नटाला पाना लावून बघा, अर्ध्यात अडकण्यापेक्षा ते बरं. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, रबरी किंवा लाकडी हातोडी, नसेल तर साध्या हातोडीखाली लाकडाचा तुकडा ठेवा. पॉलिश पेपर मध्यम जाडीचा, वायर ब्रश, जुने टूथब्रश, फडकी, कपडे धुण्याची पावडर आणि पाणी, उष्णता सहन करणारं बेअरिंगचं ग्रीस थोडंसं, नवीन स्प्लिट पिना (नट सुटू नये म्हणून घालून टोकं वाकवतात त्या). तोंडाला मास्क आणि हातात ग्लोव्हज. अडकलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला तर सकाळी निम्मं काम झालेलं असतं, फक्त तो स्प्रे ड्रमच्या दिशेने उडू देऊ नका.

मास्कचं गंमत म्हणून सांगत नाहीये. ड्रम उघडला की काळी बारीक धूळ निघते, ती लायनरची झीज. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसाला फार घातक आहे, तुमच्या गाडीतल्या लायनरमध्ये काय आहे हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून तोंडाने फुंकायचं नाही, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, कोरड्या ब्रशने झटकायचं नाही. ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. लहान पोरं आजूबाजूला बघायला उभी राहतात त्यांना लांब बसवा.

आता गाडी उभी करू. सपाट आणि कडक जागा बघा, शहाबादी फरशी किंवा सिमेंट, मातीत डबल स्टँड रुततो. गाडी डबल स्टँडवर घ्या, पुढच्या चाकाला पुढून-मागून विटा लावा आणि पुढचा ब्रेक दाबून लिव्हर आणि ग्रिप जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधून टाका. मागचं चाक निघाल्यावर गाडी पुढे सरकून स्टँडवरून खाली येऊ शकते म्हणून हे करायचं. गियरमध्ये टाकून ठेवण्याचा इथे काही उपयोग नाही, चाकच नसेल तर गियर धरणार कशाला. स्टँडच्या दोन्ही पायांखाली मिळून एकच इंचभर जाडीची फळी टाकली तर चाक मडगार्डखालून काढताना गाडी फार तिरकी करावी लागत नाही. फळी रुंद आणि पक्की पाहिजे, दोन वेगवेगळे तुकडे नकोत. आणि गाडी चालवून आणली असेल तर सायलेन्सर थंड होऊ द्या.

सुरू करायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. उजव्या बाजूचा, डाव्या बाजूचा, रॉड-स्प्रिंग-लिव्हरचा जवळून, टॉर्क पट्टीचा जवळून, दोन्हीकडच्या चेन ॲडजस्टरच्या खुणांचा. बसवताना स्पेसर, म्हणजे एक्सलवरची अंतर राखणारी छोटी नळी, कुठल्या बाजूला होता असा प्रश्न पडतोच, तेव्हा फोटो कामाला येतात. आणि एक थाळी घ्या, सुटलेली प्रत्येक वस्तू ज्या क्रमाने निघाली त्या क्रमाने तिच्यात मांडत जा.

पहिल्यांदा ब्रेकचा रॉड. त्याच्या मागच्या टोकाचा नट पूर्ण काढा, लिव्हर हाताने पुढे दाबून रॉड बाहेर काढा, लिव्हरच्या भोकातली छोटी गोल पिन आणि रॉडवरची स्प्रिंग परत रॉडवरच चढवून नट दोन पिळे लावून ठेवा, म्हणजे काही हरवत नाही. मग टॉर्क पट्टी. ही ब्रेकच्या प्लेटपासून स्विंगआर्मपर्यंत (मागचं चाक धरणाऱ्या हातापर्यंत) जाणारी लोखंडी पट्टी किंवा दांडी, ब्रेक लागताना प्लेट चाकाबरोबर गोल फिरू नये म्हणून ही असते. तिच्या नटाला स्प्लिट पिन किंवा क्लिप असेल ती आधी काढा, मग नट-बोल्ट काढा. ही पट्टी लक्षात ठेवा, हिच्याबद्दल बसवताना परत बोलायचंय.

आता एक्सल. स्प्लेंडरला डावीकडे दोन नट दिसतात, एक एक्सलचा बाहेरचा आणि त्याच्या आत एक मोठा, तो स्लीव्ह नट. स्लीव्ह नटाला हात लावायचा नाही. तो स्प्रॉकेटला (चेन बसते त्या दातेरी चक्राला) स्विंगआर्मवर धरून ठेवतो, त्यामुळे चाक निघालं तरी चेन आणि स्प्रॉकेट जागेवरच राहतात, चेन काढावी लागत नाही, कव्हर उघडावं लागत नाही. ही फार चांगली रचना आहे आणि हिच्यामुळेच स्प्लेंडरचं चाक रस्त्याकडेलाही काढता येतं. फक्त बाहेरचा नट सोडवा, दुसऱ्या बाजूला एक्सलचं डोकं पान्याने धरा. सोडवताना स्लीव्ह नट बरोबर फिरत नाही ना ते बघा. नट निघाला की एक्सल त्याच्या डोक्याच्या बाजूने ओढा, एक हात चाकाखाली, चाक थोडं उचलून धरलं की एक्सल सहज येतो. अडला तर नट टोकाला पिळून त्याच्यावर लाकूड ठेवून हळू ठोका, थेट आट्यांवर हातोडी मारली की आटे गेले. काही गाड्यांना सायलेन्सर आडवा येतो, तेव्हा त्याचा मागचा बोल्ट काढून तो थोडा खाली करावा लागतो.

एक्सल निघाला की उजवीकडचा स्पेसर खाली पडतो, तो उचलून थाळीत. मग चाक उजवीकडे ओढा, ते डाव्या हबच्या रबरांमधून सुटतं, आणि ब्रेकची प्लेट चाकाबरोबरच बाहेर येते. गाडी किंचित एका बाजूला तिरकी धरायला दुसरा माणूस हाताशी असू द्या, एकट्याने चाक काढताना गाडी पडण्याची भीती खरी आहे.

ज्या गाड्यांमध्ये स्प्रॉकेट चाकाबरोबर निघतं तिथे चेन सैल करून स्प्रॉकेटवरून उतरवावी लागते, नाहीतर चेनलॉक (चेनचा सुटणारा जोड) काढावा लागतो. चेनलॉकची क्लिप परत लावताना तिचं बंद टोक चेन जिकडे पळते त्या दिशेला पाहिजे, उलटी लावली तर ती उडून जाऊ शकते.

चाक हातात आल्यावर आधी प्लेट उचलून बाहेर काढा. कधी कधी ती निघत नाही, कारण ड्रमच्या कडेला झिजेची उंच कड तयार झालेली असते आणि शू तिला अडकतात. लिव्हर सैल आहे ना बघा आणि प्लेट डावी-उजवी हलवत काढा.

ड्रम बघा. ओल्या फडक्याने पुसून बोटाने आतून फिरवा. बारीक रेषा चालतात, नख अडकेल अशा खोल चऱ्या चालत नाहीत. निळे-काळे डाग असतील तर ड्रम खूप तापलेला आहे. ब्रेक लावताना पेडल पायाखाली वर-खाली थरथरत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही, लेथवर तो सरळ करता येतो, पण आतला व्यास किती वाढू शकतो याला मर्यादा असते, बऱ्याच ड्रमवर तो आकडा मॅक्स म्हणून आतच कोरलेला असतो. त्याच्या पुढे गेलेला ड्रम वापरायचा नाही. चकचकीत झालेल्या ड्रमवर पॉलिश पेपर आडवा-तिडवा हलक्या हाताने फिरवायचा, एकाच दिशेने गोल गोल नाही. मग पावडरच्या पाण्याने धुवून, पाणी बेअरिंगमध्ये जाऊ न देता, कोरडा करा. रॉकेलने धुवू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि तोच लायनर पितात. पेट्रोल वापरायची सवय सगळ्या गॅरेजमध्ये आहे, पण घरात, गॅस आणि देवघरातला दिवा जवळ असताना ते बादलीभर उघडं ठेवणं धोक्याचं आहे.

लायनर बघा. लायनरची जाडी २ मिमीच्या आसपास आली असेल तर बदला, नवीन साधारण ४ मिमी असते. जाडी सगळ्यात पातळ जागी मोजायची. भेगा, कोपरे तुटलेले, शूपासून लायनर सुटलेला, यातलं काही दिसलं तर जाडी कितीही असो बदला. ग्रीस किंवा तेल लागलेला लायनर धुवून, भाजून, घासून परत ठीक होत नाही, आत शोषलेलं तेल तापलं की परत बाहेर येतं. पण लायनर बदलायच्या आधी ते तेल आलं कुठून ते शोधा, बहुतेक वेळा बेअरिंगचं सील फाटलेलं असतं नाहीतर कुणीतरी बेअरिंगमध्ये ग्रीस कोंबून भरलेलं असतं.

लायनर न काढताही झीज कळते बरं का. बाहेरच्या लिव्हरजवळ बाण असलेली एक छोटी पत्री असते आणि प्लेटवर खूण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपाशी पोचला की लायनर संपले. ही खूण रोज डोळ्यासमोर असते तरी कुणी बघत नाही.

आता शू काढायचे. परत तेच लावायचे असतील तर कुठला कुठे होता ते खडूने लिहा. दोन्ही शू बाहेरच्या कडेने धरून वर उचला, पुस्तक मिटल्यासारखे मधे दुमडायला लागले की स्प्रिंगांचा ताण जातो आणि ते निघून येतात. बोटं मधे अडकू देऊ नका, स्प्रिंग चांगली जोरात चावते. स्प्रिंगा ताणून लांब झाल्या असतील किंवा हुक गंजलेले असतील तर नवीन घ्या, किंमत किरकोळ असते आणि शू परत आणायचं पूर्ण काम त्यांच्यावर आहे.

आणि आता कॅम. लिव्हर हाताने फिरवून बघा. चांगला कॅम दोन बोटांनी फिरतो. अडकत, किरकिरत, झटक्याने फिरत असेल तर आजार सापडला. लिव्हर काढायच्या आधी कॅमच्या दांड्याच्या टोकाला आणि लिव्हरला एकमेकांसमोर ठिपक्याची खूण आहे का बघा, बहुतेक असते, नसेल तर स्क्रॅचने किंवा पंचने स्वतः करा. मग लिव्हरचा बोल्ट पूर्ण काढा, लिव्हर ओढा, त्याच्याखाली बाणाची पत्री, तिच्याखाली फेल्टचं (नमद्यासारख्या जाड कापडाचं) गोल सील. पत्री कशी बसली होती त्याचा फोटो. मग कॅम बाहेरून आत ढकलून शूच्या बाजूने काढा. गंजलेला असेल तर स्प्रे मारून, थांबून, हळूहळू फिरवत काढा, लिव्हर परत लावून तो फिरवत राहिलं तर सुटतो, ठोकाठोकी केली तर ॲल्युमिनियमच्या प्लेटला तडा जाऊ शकतो.

बाहेर आल्यावर दांड्यावर तपकिरी-काळा थर दिसेल, तो पॉलिश पेपरने पूर्ण जाईपर्यंत घासा. प्लेटचं भोक आतून कापडाच्या वातीने साफ करा, पॉलिश पेपर गुंडाळून हलकंच फिरवा, भोक मोठं करायचं नाहीये. कॅमचे चपटे भाग जिथे शू टेकतात तिथे खड्डे पडलेत का बघा. पक्क्या पिनेवरचा गंजही घासून काढा. मग दांड्यावर ग्रीसचा पातळ थर, नुसतं चमकेल इतका. कॅमच्या चपट्या भागावर आणि पक्क्या पिनेवर तर अगदी बोट फिरवल्याइतकंच. इथे जास्त ग्रीस म्हणजे जास्त चांगलं असं नाही, ड्रम तापला की जास्तीचं ग्रीस पातळ होऊन लायनरवर येतं. फेल्टचं सील कडक झालं असेल तर नवं, चांगलं असेल तर इंजिन ऑइलच्या दोन-चार थेंबांनी ओलं करून पिळून बसवा, हेच पाण्याला अडवतं.

कॅम बसवा, सील, पत्री, मग लिव्हर खुणेला खूण जुळवून. आता इथे थोडं थांबतो कारण हे फार महत्त्वाचं आहे. रॉडचा नट संपत आला की काही जण लिव्हर काढून एक दात मागे बसवतात, म्हणजे परत आवळायला जागा मिळते. हे कधीही करू नका. लायनर संपत आले असताना कॅम आधीच खूप फिरलेला असतो, लिव्हर सरकवला की तो अजून पुढे फिरतो आणि एखाद्या जोराच्या ब्रेकला उलटून पलीकडे जाऊन अडकू शकतो, मग चाक जाम होतं आणि गाडी चालत्या रस्त्यावर आडवी होते. नट संपला याचा अर्थ लायनर संपले, बाकी काही नाही.

शू परत दुमडलेल्या अवस्थेत स्प्रिंगांसकट ठेवून दोन्ही टोकं पिनेवर आणि कॅमवर टेकवा आणि दाबून सपाट करा. ग्रीसचे हात लायनरला लावू नका, ग्लोव्हज बदला. जुने लायनर परत वापरताय तर वरचा चकचकीत थर पॉलिश पेपरने काढा, आणि कडा किंचित तिरप्या घासल्या तर चींचीं आवाज कमी होतो. लिव्हर हाताने दाबून सोडा, शू झटकन परत आले पाहिजेत.

चाक बाहेर आहे तोवर बाकीचंही बघून घ्या. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा, खरखर लागली किंवा डगडग लागली तर बदला, बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो तोच दुकानात सांगा. डाव्या बाजूची हब रबरं बघा, दबून पातळ झाली असतील तर क्लच सोडताना आणि गियर बदलताना मागून झटका बसतो. नवीन रबरं घट्ट जात नसतील तर साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा तेल नको, रबर फुगतं. स्पोकचं चाक असेल तर प्रत्येक स्पोकवर पाना हलकेच वाजवा, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. टायरमध्ये रुतलेले खिळे, काचा आत्ताच काढा.

बसवणं म्हणजे उलटा क्रम. प्लेट ड्रममध्ये, चाक गाडीखाली, हब रबरांमध्ये चाक बसेपर्यंत डावीकडे ढकला, उजवीकडे स्पेसर, एक्सल साफ करून त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवून आत घाला. चेन ॲडजस्टर दोन्ही बाजूंना जागेवर आहेत ना बघा. एक्सलचा नट हातानेच लावा, आवळू नका. टॉर्क पट्टीचा बोल्ट घाला, नट हातानेच. मग रॉड, स्प्रिंग, पिन, नट.

आता ही एक पायरी बरेच मेकॅनिकही करत नाहीत. रॉडचा नट थोडा आवळा, कुणालातरी ब्रेकचं पेडल जोरात दाबून धरायला सांगा, आणि ते दाबलेलं असतानाच एक्सलचा नट आणि टॉर्क पट्टीचा नट पक्का आवळा. पेडल दाबलेलं असलं की शू ड्रमला सगळीकडून टेकतात आणि प्लेट आपोआप ड्रमच्या बरोबर मध्यावर येते. असं नाही केलं तर एकच शू एका बाजूने लागतो, ब्रेक स्पंजासारखा वाटतो आणि नवे लायनर टाकूनही समाधान होत नाही. टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा.

टॉर्क पट्टीत नवी स्प्लिट पिन घाला आणि टोकं वाकवा. तिथे खिळा किंवा तार घालू नका. ही पट्टी चालत्या गाडीत सुटली तर पहिल्याच ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड वाकतो, चाक जाम होतं. चाक बसवून झाल्यावर मी सगळ्यात आधी हीच पिन बघतो आणि सगळ्यात शेवटीही हीच बघतो.

चेनच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत ना आणि चेनचा झोल मधोमध २५ मिमीच्या आसपास आहे ना बघा. मग ब्रेकचं ॲडजस्टमेंट. पेडल हाताने दाबून ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंत टोकाला २० ते ३० मिमी मोकळी चाल पाहिजे. ॲडजस्टर नटाला गोल खाच असते ती लिव्हरच्या पिनेवर नीट बसली पाहिजे, नाहीतर चालताना चाल आपोआप बदलते. चाक हाताने फिरवा, कुठेही घासता कामा नये, पेडल दाबून सोडा आणि परत फिरवा. चेन ताणली किंवा चाक मागे-पुढे सरकवलं की ब्रेकची चालही बदलते, म्हणून नेहमी आधी चेन आणि मग ब्रेक. शेवटी ब्रेक लाइट, पेडल दाबायला लागल्याबरोबर लागला पाहिजे, नाहीतर पेडलजवळच्या स्विचचा नट फिरवून जुळवा.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक नाहीतर एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे नव्या स्प्लेंडरला आयबीएस, म्हणजे कॉम्बी ब्रेकच, असतं आणि मागचं पेडल दाबलं की पुढचाही ब्रेक थोडा लागतो. चाक काढायची पद्धत तीच, पण त्या गाडीत पेडलपासून पुढे जाणारी केबल असते, तिचं ॲडजस्टमेंट अंदाजाने फिरवू नका, मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमानेच करा, आणि मागचे लायनर बदलले की पुढचाही ब्रेक तपासा.

रस्त्यावर न्यायच्या आधी गाडी बंद ठेवून ढकलत ब्रेक दाबून बघा. मग मोकळ्या रस्त्यावर हळू. नवीन लायनर ड्रमच्या आकाराला बसायला वेळ घेतात, तोवर ताशी ३०-४० च्या वेगातून हलके हलके बरेच ब्रेक मारा, मधे ड्रम थंड होऊ द्या, पहिल्याच दिवशी घाटात मागे माणूस आणि पोतं घेऊन उतरू नका. चार-पाच किलोमीटर साधं चालवून थांबलात की हबजवळ हात न लावता आधी नुसता धरा, ऊब ठीक आहे, पण भाजेल इतका तापला असेल तर ब्रेक घासतोय, नट अर्धा-एक पिळा सैल करा. साधारण ५० किलोमीटरनंतर एक्सलचा नट, टॉर्क पट्टी आणि पेडलची चाल परत एकदा तपासा, नवे लायनर बसले की चाल थोडी वाढलेली असते, तेवढी रॉडच्या नटाने घ्या.